ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या नोटांचा संग्रह: पहिल्या खरेदीपासून नोंदवहीपर्यंत

पूर्व आफ्रिकन करन्सी बोर्डाची, म्हणजे तिथल्या ब्रिटिश वसाहतींचं चलन काढणाऱ्या मंडळाची, नोट पहिल्यांदा हातात घेतली की आपल्याकडचा माणूस एका ठिकाणी हमखास थबकतो. वर इंग्रजी मजकूर, बाजूला राजाचं किंवा राणीचं चित्र, आणि त्याच नोटेवर रक्कम अरबी लिपीत आणि गुजराती लिपीतही छापलेली. नैरोबीच्या नावाने निघालेल्या नोटेवर गुजराती कशासाठी, या एका प्रश्नामागे लागलात तरी संग्रहाची निम्मी तयारी होते. मोंबासा, झांझिबार, कंपाला इथल्या पेठांमध्ये कच्छी-काठियावाडी व्यापाऱ्यांचा जम बसलेला होता, सरकारी कचेऱ्यांत गोव्याहून गेलेले कारकून होते, आणि शिलिंग (पौंडाचा विसावा भाग) येण्याआधी तिथे चालत होता तो आपला रुपयाच.

म्हणून माझा ठाम सल्ला असा की ब्रिटिशांच्या ताब्यातल्या आफ्रिकेच्या नोटा जमवायच्या असतील, तर सुरुवात पूर्व आफ्रिकेपासून करा. या नोटा आपल्या आसपास सापडतात, त्यांचा इतिहास मुंबई बंदराशी जोडलेला आहे, आणि त्यांतल्या बऱ्याचशा अजून नोकरदार माणसाच्या आवाक्यात आहेत.

पायरी १: मैदान आखून घ्या

"ब्रिटिश आफ्रिका" हा विषय फार मोठा आहे. तो सगळा एकदम कवेत घ्यायला गेलं की पाच वर्षांनी हातात राहते ती नुसती खिचडी. खरेदीला हात घालण्याआधी नकाशा समोर ठेवा आणि एकच भाग निवडा. पर्याय साधारण असे आहेत.

पश्चिमेला वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड. १९१२ साली स्थापन झालेल्या या बोर्डाचं चलन नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन आणि गँबिया या चार वसाहतींत चालायचं. नोटा १९१६ पासून निघाल्या, छापल्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्सने. १९५० च्या दशकातल्या दहा आणि वीस शिलिंगच्या नोटा नवशिक्यालाही परवडतात. ताडामाडांची चित्रं आहेत, राजा-राणी नाहीत. विषय चांगला आहे, पण मालिका आटोपशीर असल्याने लवकर संपते आणि मग उरतात त्या फक्त महाग नोटा.

दक्षिणेला सदर्न ऱ्होडेशियाचा करन्सी बोर्ड आणि त्यानंतर बँक ऑफ ऱ्होडेशिया अँड न्यासालँड. दहा शिलिंगपासून दहा पौंडांपर्यंतच्या या नोटा देखण्या आहेत, यात वाद नाही. पण ऱ्होडेशिया आणि न्यासालँडचा महासंघ (आजचे झिंबाब्वे, झांबिया आणि मलावी) १९५३ ते १९६३ एवढाच टिकला, नोटा परत घेऊन नष्ट केल्या गेल्या, आणि राणीच्या चित्राच्या नोटांमागे जगभरचे संग्राहक लागलेले असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत इकडे फिरकू नका.

हिंदी महासागरातली मॉरिशस आणि सेशेल्स ही बेटं रुपयाचीच. मॉरिशसला कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आहेत, त्यामुळे त्या नोटांबद्दल आपल्याला वेगळा जिव्हाळा वाटणं साहजिक आहे. सेशेल्सची १९६८ ते १९७३ दरम्यानची पन्नास रुपयांची नोट मात्र भलत्याच कारणाने प्रसिद्ध आहे. राणीच्या चित्रामागच्या माडाच्या झावळ्या अशा काढल्या आहेत की त्यांत इंग्रजी "सेक्स" हा शब्द वाचता येतो. ही गंमत जगजाहीर झाल्याने तिची किंमत दुर्मिळतेच्या मानाने जास्त आहे.

आणि पूर्वेला आपलं मुख्य मैदान. केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग), पुढे झांझिबार. शिवाय ब्रिटिश सोमालीलँड, दुसऱ्या महायुद्धात इटालियनांकडून घेतलेले इरिट्रिया-सोमालियासारखे प्रदेश, आणि १९५१ पासून एडन (आजच्या येमेनमधलं). एडनची आठवण मुद्दाम ठेवा. ते बंदर दीर्घकाळ मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं आणि शिलिंग येईपर्यंत तिथेही भारतीय रुपया चालत होता. एडनहून परतलेल्या कुटुंबाकडे मोंबासाची नोट निघाली तर आश्चर्य वाटायला नको.

पायरी २: नोटांआधी चलनाची गोष्ट समजून घ्या

या पायरीला जितका वेळ द्याल तितका थोडा. किंमत ठरवताना, खोटी नोट ओळखताना, पुढे काय घ्यायचं हे ठरवताना हीच माहिती कामाला येते.

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत सुरुवातीला भारतीय रुपया हेच चलन होतं. १९०५ साली ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टरेट (आजचा केनिया) सरकारने मोंबासाहून स्वतःच्या नोटा काढल्या, त्याही रुपयांतच. पाच रुपयांपासून पाचशे रुपयांपर्यंत. या नोटा आज अतिदुर्मिळ आहेत आणि लिलावात आल्याच तर भाव लाखांत जातो. झांझिबारच्या सुलतानाच्या सरकारनेही १९०८ पासून आपल्या रुपयाच्या नोटा काढल्या. त्यांवर डाव्या बाजूला शिडाचं जहाज आणि उजव्या बाजूला लवंगांची तोडणी. वसाहतकालीन आफ्रिकेतल्या सर्वांत सुंदर नोटा कोणत्या असं मला विचारलं तर मी याच सांगेन. १९३६ मध्ये झांझिबारने शिलिंग स्वीकारला, रुपयाच्या नोटा परत घेतल्या गेल्या आणि उरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या संग्रहालयात किंवा लिलावाच्या कॅटलॉगमध्ये बघायच्या, डोळे निववायचे आणि पुढे जायचं.

पहिल्या महायुद्धाने सगळं उलटंपालटं केलं. चांदी महागली आणि तिच्याबरोबर चांदीचा रुपया पौंडाच्या तुलनेत चढत गेला. युद्धापूर्वी रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स (बारा पेन्सचा एक शिलिंग), तो १९२० पर्यंत दोन शिलिंगच्याही वर गेला. केनियातल्या गोऱ्या मळेवाल्यांचा माल विकला जायचा पौंडात आणि बँकेची कर्जं होती रुपयांत, त्यामुळे चढता रुपया त्यांच्या मुळावर आला. सरकारने रुपया दोन शिलिंगला बांधून टाकला. तेवढ्यात डिसेंबर १९१९ मध्ये लंडनला ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड स्थापन झालं होतं. त्याने १९२० मध्ये आधी रुपयाची नोट काढली, मग दोन शिलिंग किमतीचं फ्लोरिन हे नवं चलन आणलं, आणि लगेचच तेही मोडीत काढून शिलिंग आणला. शिलिंगच्या पहिल्या नोटांवर तारीख आहे १५ डिसेंबर १९२१.

म्हणजे दोन वर्षांच्या आत तीन चलनं. संग्राहकासाठी ही पर्वणी आहे. मोंबासाची १९२० ची एक रुपयाची आणि एक फ्लोरिनची, या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवल्या की सगळा गोंधळ डोळ्यांसमोर उभा राहतो. दोन्हींवर पंचम जॉर्ज, दोन्हींच्या मागे पाणघोडा, रंगसंगतीही तीच. बदललं ते फक्त चलनाचं नाव.

पुढचा क्रम सोपा आहे. १९३३ पासून नैरोबीच्या नावाने पंचम जॉर्जच्या नोटा, १९३८ ते १९५२ सहाव्या जॉर्जच्या, १९५३ ते १९५७ एलिझाबेथ राणीच्या तारीख असलेल्या नोटा, १९५८ पासून राणीच्याच पण तारीख नसलेल्या, आणि १९६४ मध्ये राणी जाऊन तिच्या जागी व्हिक्टोरिया सरोवरातलं शिडाचं जहाज. १९६६ मध्ये टांझानिया, युगांडा आणि केनिया या तिघांनी आपापल्या मध्यवर्ती बँकांच्या नोटा काढल्या आणि बोर्डाचा अध्याय संपला.

पायरी ३: एक नोट नीट वाचायला शिका

सहाव्या जॉर्जची वीस शिलिंगची नोट घेऊ. विकत घेतली नसेल तरी चालेल, लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर तिची मोठी छायाचित्रं सहज मिळतात.

वरच्या ओळीत बोर्डाचं नाव. रकमेच्या मजकुरात "वीस शिलिंग किंवा एक पौंड" असं दोन्ही परिमाणांत लिहिलेलं आहे. बोर्ड लंडनमध्ये पौंड घेऊन त्याच्या मोबदल्यात आफ्रिकेत शिलिंग द्यायचं, आणि नोटेमागची गंगाजळी ब्रिटिश रोख्यांत असायची. तो सगळा व्यवहार या एका ओळीत आला. त्याखाली नैरोबी आणि तारीख. तारखेवर बोट ठेवा, कारण एकाच चित्राच्या नोटा वेगवेगळ्या तारखांना निघाल्या आहेत आणि त्यांतल्या काही तारखा सहज मिळतात तर काही वर्षानुवर्षं दिसत नाहीत. मग बोर्डाच्या सदस्यांच्या सह्या. मग क्रमांक आणि त्याच्या आधीची अक्षरं. नोट उलटली की मधोमध सिंह आणि मागे डोंगर. शेवटी कडेला छापखान्याचं नाव शोधा. बहुतेक नोटांवर थॉमस डी ला रू असतं.

युद्धकाळातल्या काही नोटांवर मात्र छापखान्याचं नाव नसतं आणि क्रमांकांची घडणही वेगळी असते. कॅटलॉगमध्ये त्यांना "भारतीय धाटणीचे क्रमांक" अशी वेगळी नोंद आहे. आपल्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांच्या नोटा ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांच्या नजरेत तो फरक लगेच भरतो. हा प्रकार विक्रेत्याच्याही लक्षात आलेला नसतो असं अनेकदा होतं, तेव्हा क्रमांक नीट बघायची सवय लावून घ्या.

सह्यांचं महत्त्व पटवून द्यायला मी नेहमी १९६१ ते १९६३ दरम्यानच्या राणीच्या नोटांचं उदाहरण देतो. या नोटांवर तारीख नाही. चित्र तेच, रंग तोच. पण वरच्या डावीकडची सही पाहिली की दोन प्रकार पडतात. एकावर ई. बी. डेव्हिड यांची सही आहे, दुसऱ्यावर ए. एल. अडू यांची. अडू हे घानाचे सनदी अधिकारी, पूर्व आफ्रिकेच्या समाईक सेवा संघटनेचे महासचिव म्हणून तिकडे आले होते. त्या काळात डिसेंबर १९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाला, ऑक्टोबर १९६२ मध्ये युगांडा आणि डिसेंबर १९६३ मध्ये केनिया. सत्तांतर चालू असताना नोटेवर चेहरा राणीचा आणि सही आफ्रिकी माणसाची, अशी ही जोडी आहे. पाच शिलिंगच्या या दोन नोटा मिळवण्यात मला जितका आनंद वाटतो तितका कुठल्याही कोऱ्या करकरीत महागड्या नोटेत वाटत नाही.

नोट वाचता आली की कॅटलॉग वापरा. जगभर चालतात ते जर्मन कॅटलॉगकार अल्बर्ट पिक यांच्या नावाचे क्रमांक. प्रत्येक नोटेला देशानुसार एक क्रमांक आणि तारीख किंवा सहीच्या प्रकाराला पुढे एक अक्षर. वर सांगितलेली पाच शिलिंगची नोट म्हणजे पूर्व आफ्रिका पिक ४१, डेव्हिडची "ए" आणि अडूंची "बी". विक्रेत्याशी बोलताना हा क्रमांक सांगितला की घोळ होत नाही. छापील कॅटलॉगमधले भाव मात्र खरेदीसाठी धरू नका. भावासाठी गेल्या एक-दोन वर्षांतल्या लिलावांचे निकाल पाहा. स्पिंक, नूनन्स यांसारखी लंडनची लिलावगृहं ते खुले ठेवतात.

पायरी ४: अवस्था ओळखा आणि आपली पातळी ठरवा

नोटेची अवस्था हा किमतीचा कणा आहे. एकच नोट कोरी असली तर एक भाव आणि मळकी असली तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. प्रचलित श्रेणी अशा: कोरी नोट, म्हणजे एकही घडी नाही, ती यूएनसी. हाताळल्याची हलकी खूण किंवा मध्ये पुसटशी घडी, ती एयू. तीनपर्यंत हलक्या घड्या किंवा एक ठळक घडी पण कागद कडक, ती एक्सएफ. उभ्या-आडव्या घड्या, थोडा मळ, तरी कागदात दम आहे, ती व्हीएफ. भरपूर वापरलेली, कागद मऊ, कडा झिजलेल्या, ती एफ. त्याखाली व्हीजी आणि जी, म्हणजे कोपरे गोल झालेले, फाटलेली, मध्ये भोक पडलेली.

पूर्व आफ्रिकेच्या नोटा खूप फिरल्या. दमट किनाऱ्यावर, दुकानाच्या गल्ल्यात, पिनेने टोचून गठ्ठ्यात. त्यामुळे पिनेची भोकं आणि मऊ पडलेला कागद ही यांची नेहमीची अवस्था आहे. सहाव्या जॉर्जपर्यंतच्या नोटा कोऱ्या मिळवायचा हट्ट धरलात तर पैसा आटेल आणि संग्रह पुढे सरकणार नाही. माझ्या मते व्हीएफ ही उत्तम पातळी आहे. चित्राचं सगळं बारीक काम दिसतं, किंमत आवाक्यात राहते. पंचम जॉर्जच्या नोटांना एफसुद्धा चालेल. १९६४ ची जहाजवाली मालिका मात्र शक्य तितकी चांगली घ्या, ती अजून मिळते.

परीक्षण करणाऱ्या कंपनीकडून पारदर्शक सीलबंद वेष्टनात ७० पैकी गुण देऊन येणाऱ्या नोटांबद्दल एवढंच सांगतो की महाग आणि खोटी निघण्याचा धोका असलेल्या नोटेसाठी तो खर्च योग्य आहे. हजार-दोन हजारांच्या नोटेला त्याची गरज नाही, आणि वेष्टनातली नोट बोटांना कळत नाही. शिकण्याच्या काळात नोटा उघड्या हाताळायला हव्यात.

पायरी ५: शोध कुठे घ्यायचा

पहिली जागा म्हणजे घरं. पूर्व आफ्रिकेतून परतलेली कुटुंबं गुजरातेत सर्वाधिक, पण गोव्यात, मुंबईत आणि पुण्यातही आहेत. काही स्वातंत्र्यानंतर परतली, काहींना हुकूमशहा इदी अमीनच्या ऑगस्ट १९७२ मधल्या हुकुमाने युगांडा सोडावा लागला. अशा घरी जाऊन "जुन्या नोटा विकायच्या आहेत का" असं विचारणं मला पटत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. "काका, आजोबा कुठल्या बंदरात उतरले होते? नोकरी रेल्वेत की कचेरीत?" असं विचारा आणि ऐका. पासपोर्ट, पगाराच्या पावत्या, जहाजाची तिकिटं निघतात आणि त्यांच्या घडीत एखादी नोट असते. ती त्यांना ठेवायची असेल तर ठेवू द्या. फोटो आणि हकीकत घेऊन या. विकायची असेल तर चालू भाव आधी त्यांना दाखवा आणि मग बोला. अज्ञानाचा फायदा घेऊन घेतलेली नोट संग्रहात नसलेली बरी.

दुसरी जागा नाणी-नोटांची प्रदर्शनं. पुण्याचं कॉइनेक्स, मुंबईतली प्रदर्शनं. भारतीय नोटांच्या विक्रेत्याकडे परदेशी नोटांचा एक दुर्लक्षित अल्बम किंवा खोका असतो, तो मागून घ्या. दुपारनंतर, गर्दी ओसरल्यावर गेलात तर विक्रेताही मोकळा असतो आणि नोट शांतपणे उजेडात धरून बघता येते. एकाच माणसाकडून दोन-तीनदा खरेदी केली की तो तुमच्यासाठी माल बाजूला ठेवू लागतो.

तिसरी जागा परदेशी लिलाव. इथे शिस्त लागते. हातोड्याच्या भावावर, म्हणजे बोली संपते त्या रकमेवर, खरेदीदाराचं कमिशन लागतं, ते बहुधा वीस टक्के किंवा त्याहून जास्त असतं. त्यावर टपाल, विमा आणि भारतातलं सीमाशुल्क. ही सगळी बेरीज आधी करून मगच कमाल बोली ठरवा. ती कागदावर लिहून ठेवा आणि ओलांडू नका. एकेकट्या नोटेपेक्षा "पूर्व आफ्रिका, मिश्र, २० नोटा" अशा लॉटकडे, म्हणजे एकगठ्ठा विकल्या जाणाऱ्या संचाकडे, लक्ष ठेवा. छायाचित्रं मोठी करून सह्या आणि तारखा वाचल्यात तर अशा लॉटमध्ये चांगली नोट दडलेली सापडते.

इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी ही १९६१ पासूनची संग्राहकांची संघटना आहे. तिचं सभासदत्व घ्या. तिच्या नियतकालिकातून आणि इतर सभासदांशी पत्रव्यवहारातून जे शिकायला मिळतं ते बाजारात मिळत नाही.

पायरी ६: खरी, दुरुस्त केलेली आणि खोटी

या मैदानात सरसकट खोट्या नोटांपेक्षा लपवलेल्या दुरुस्तीने जास्त माणसं फसतात. तेव्हा तपासणीचा क्रम ठरवून घ्या आणि दर वेळी तोच पाळा.

आधी तिरका उजेड. टॉर्च नोटेच्या पातळीला धरा. दाबून सपाट केलेल्या घडीची पुसट रेघ यात दिसतेच. ठशाच्या छपाईचा उंचवटा जिवंत आहे की इस्त्रीखाली बसून गेला आहे, तेही कळतं. मग नोट खिडकीसमोर धरा. बुजवलेली पिनेची भोकं, मागून लावलेला कागद, जोडलेला कोपरा गडद किंवा फिकट डाग होऊन दिसतो. १९५८ नंतरच्या नोटांत गेंड्याचा वॉटरमार्क असतो, तो याच वेळी पाहा. कागदातला खरा वॉटरमार्क हळूहळू गडद-फिकट होत जातो. वरून छापलेल्याच्या कडा तीक्ष्ण असतात.

त्यानंतर दहापट भिंग. खऱ्या नोटेवरच्या रेषा सलग असतात. त्या जागी निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले की विषय संपला, ती आधुनिक छपाई आहे. शेवटी अतिनील दिवा. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. १९३३ ची नोट दिव्याखाली निळसर पांढरी चमकत असेल तर एकतर ती खोटी आहे किंवा कुणीतरी साबणाच्या पाण्यात धुतली आहे. दोन्ही प्रकारात नको.

मापही घ्या. फाटक्या कडा कातरून "सुधारलेली" नोट दोन-तीन मिलिमीटरने लहान भरते आणि चारही बाजूंची पांढरी पट्टी सारखी नसते. शंका आल्यास त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोटेशी ताडून पाहा.

दहा हजार शिलिंगची नोट कुणी स्वस्तात देऊ करत असेल तर सरळ निघून या. ती रक्कम बँकांच्या आपापसातल्या व्यवहारासाठी होती, सामान्य माणसाच्या हातात येतच नव्हती. असंच वेढ्यातल्या नोटांचं. १८८४ मध्ये सुदानमधल्या खार्टुमला वेढा पडला असताना ब्रिटिश जनरल गॉर्डनने पिआस्तर या तिथल्या चलनाच्या नोटा काढल्या, काहींवर त्याची हाताने केलेली सही आहे तर काहींवर ठशाने उठवलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात माफेकिंग गावाच्या वेढ्यात ब्रिटिश अधिकारी बेडन-पॉवेलच्या अमलाखाली १९०० साली एक, दोन, तीन, दहा शिलिंग आणि एका पौंडाच्या नोटा निघाल्या. पौंडाची नोट तर निळ्या छायाचित्रण पद्धतीने तयार केली होती. दोन्ही विलक्षण वस्तू आहेत, आणि दोन्हींच्या नकला मुबलक आहेत. नामांकित लिलावगृहाच्या लेखी हमीशिवाय त्यांना हात लावू नका.

अस्सल पण "स्पेसिमेन" असं छिद्रांनी किंवा शिक्क्याने उमटवलेल्या नोटा हा वेगळा प्रकार. छापखान्याने नमुना म्हणून काढलेल्या या नोटांवर बहुधा शून्यांचा क्रमांक असतो. चलनातली प्रत मिळतच नाही अशा मोठ्या रकमेची जागा भरायला त्या चांगल्या.

पायरी ७: कागदपत्रं आणि कायदा

प्रत्येक खरेदीचं बिल घ्या. परदेशातून मागवताना पैसे बँकेमार्फत किंवा कार्डाने द्या, आणि विक्रेत्याला पाकिटावर खरं वर्णन व खरी किंमत लिहायला सांगा. किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याच्या भानगडीत पाकीट अडकलं तर विम्याचीही भरपाई त्या लिहिलेल्या किमतीएवढीच. मोठी खरेदी असेल तर सीमाशुल्काच्या जाणकार एजंटाला आधी विचारा.

विकताना १९७२ चा पुरावशेष कायदा ध्यानात ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं आहेत. १९०५ किंवा १९२० ची नोट भारतातून परदेशी लिलावाला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

पायरी ८: साठवण, विशेषतः पावसाळ्यात

नेहमीच्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये पीव्हीसी असतं. काही वर्षांत ते चिकट होतं आणि नोटेची शाई उचलतं. पॉलिएस्टरची कडक पारदर्शक पाकिटं घ्या. ती महाग आहेत, पण इथे काटकसर करायची नाही. लॅमिनेशन, चिकटपट्टी, स्टेपलर, लोखंडी क्लिप यांतलं काहीही नोटेजवळ येऊ देऊ नका. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटलेली जोडू नका. जशी आली तशी ठेवा.

मुंबई, कोकण, गोवा इथे खरा शत्रू दमटपणा. अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा ठेवा. जूनआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळा संग्रह उघडून प्रत्येक पान बघा. बारीक तपकिरी ठिपके दिसले तर ती बुरशीची सुरुवात, तेवढी पानं वेगळी काढा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको आणि स्वयंपाकघराच्या लगत तर नकोच. कसरीसाठी नोटांच्या डब्यात डांबरगोळ्या टाकू नका, कपाट स्वच्छ आणि कोरडं ठेवा.

पायरी ९: पहिल्या नोटा आणि नोंदवही

हातात थोडेच पैसे असतील तर मी या क्रमाने जाईन. १९६४ ची जहाजवाली पाच शिलिंग. मग राणीची तारीख नसलेली पाच शिलिंग, डेव्हिडच्या सहीची. मग तीच अडूंच्या सहीची, हिला वेळ लागू शकतो. मग १९५३ ते १९५७ मधली कुठलीही तारीख असलेली एक. मग १ जानेवारी १९४३ ची एक शिलिंगची नोट, सहाव्या जॉर्जच्या चित्राची, युद्धकाळातली. मग त्याच राजाची पाच किंवा दहा शिलिंग. एवढ्या झाल्यावर पंचम जॉर्ज आणि शेवटी १९२० ची फ्लोरिन. पहिल्या तीन-चार नोटा मध्यम अवस्थेत काही हजारांत मिळतात. फ्लोरिनसाठी मात्र बराच काळ पैसे साठवावे लागतील.

आणि पहिल्या नोटेपासून नोंदवही ठेवा, कागदावर किंवा संगणकावर. पिक क्रमांक, तारीख, सह्या, नोटेचा क्रमांक, अवस्था, मिलिमीटरमधलं माप, कुणाकडून कधी कितीला घेतली. दोन्ही बाजूंचं स्कॅन. शेवटचा रकाना मोठा ठेवा. त्यात नोट ज्या घरातून आली त्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहा: कोण गेलं, कुठल्या साली, कुठल्या गावी, काय काम केलं, कधी परतलं. नावं लिहिण्याआधी त्यांची परवानगी घ्या. आणि ही हकीकत ऐकाल त्याच दिवशी लिहून काढा.